कुलूप जागेवर, सायकल गायब: गाडीवरचं खेळाचं सामान पुन्हापुन्हा चोरीला जात असेल तर काय काय तपासाल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्यांवर सायकलचे कॅरिअर आणि टपावरचे बार बसवणं, आणि कुणी ओढून-तोडून नेल्यावर ते परत बसवणं, हे माझं रोजचं काम. बहुतेक जण एकच वाक्य घेऊन येतात: "मामा, कुलूप हाय तसं हाय, सायकल तेवढी गेली बघा." आणि लगेच यापेक्षा भारी कुलूप मागतात. मी आधी गाडी दाखवायला सांगतो. कुलूप शाबूत आणि माल गेलेला असेल, तर चोर कुलपाच्या वाटेला गेलाच नाही. तो ज्या वाटेनं आला ती उघडीच राहिली तर भारी कुलपाचे पैसे वाया जातात आणि पुढची सायकलही जाते.

आधी लक्षणं

काय गेलं आणि काय उरलं, हे नीट बघा. निम्मं उत्तर तिथंच असतं.

कॅरिअर आणि सायकल दोन्ही गेलं, बंपरवर पट्ट्यांचे तुकडे लोंबतायत: डिकीला पट्ट्यांनी अडकवायचं कॅरिअर. सायकल कॅरिअरला बांधलेली होती, पण कॅरिअर गाडीला फक्त कापडी पट्ट्यांनी.

कॅरिअर आहे, सायकल नाही, खाली वायरचं लॉक कापून पडलंय: वायर बारीक होती.

टपावरचे दोन आडवे बार आहेत, पण सायकल ट्रेसकट (सायकल जिच्यावर उभी राहते ती लांब पट्टी) नाहीशी: ट्रे आणि बार यांच्यातला सांधा उघडा होता.

सायकल आहे, पुढचं चाक किंवा सीट नाही: क्विक रिलीजची कळ, म्हणजे चाक किंवा सीट हातानंच सोडवायची कळ. तिला हत्यार लागत नाही.

काच फुटली आणि डिकीतलं क्रिकेटचं किट गेलं: कुठून तरी दिसलं. काच शाबूत आणि तरी किट गेलं: गाडी लॉक झालीच नव्हती, हे आधी तपासा.

शेवटचं लक्षण लोक सोडून देतात. काहीच गेलेलं नाही, पण बार एका बाजूला बोटभर सरकलाय, कुलपाभोवती नवे ओरखडे आहेत, प्लॅस्टिकची टोपी निघालीय. कुणीतरी हात घालून बघितलाय असंच धरून चाला आणि त्याच दिवशी पुढच्या तपासण्या करा.

पहिली तपासणी: हातानं ओढून बघा

पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. सायकल गाडीवर चढवा, सगळी कुलपं लावा, किल्ल्या घरात ठेवा. आता ती चोरायला आलोय अशा हिशोबानं हात घाला. आधी नुसत्या हातानं, मग साधी एलन की (वाकडी षटकोनी किल्ली) आणि दहा-तेरा नंबरचे पाने घेऊन. काय काय सुटतं बघा.

टपावरच्या कॅरिअरला तीन सांधे असतात: सायकल आणि ट्रे, ट्रे आणि बार, बार आणि टप. बऱ्याच कॅरिअरमध्ये कुलूप पहिल्या सांध्यालाच येतं, कारण गिऱ्हाईक दुकानात तेवढंच बघतं. फ्रेम पकडणारा हात असतो, त्याला फिरवायची प्लॅस्टिकची मूठ आणि तिच्या तोंडाशी छोटं कुलूप. कुलूप लागलं की मूठ नुसती गरगर फिरते, पकड सैल होत नाही. चांगली योजना आहे. पण ट्रेच्या खाली वाकून बघा: ट्रेला बारवर धरून ठेवणाऱ्या मुठी उघड्याच असतात. त्या सोडल्या की ट्रे, सायकल आणि ते चांगलं कुलूप असं सगळं एकदमच खाली येतं.

बारला वरून खाच असेल तर टोकाची रबरी टोपीही काढून बघा. आतला बोल्ट सैल केला की ट्रे त्या खाचेतून सरकत टोकाकडून बाहेर निघतो. टोपीला कुलूप असलेले बार मिळतात. नसेल तर त्या बोल्टचा बंदोबस्त पुढे सांगतो.

पट्ट्यांच्या कॅरिअरची ही तपासणी कात्रीनंच संपते. त्याला कितीही कुलपं लावा, पट्टी कापडाचीच आहे. ते सामान न्यायला ठीक आहे, गाडी सोडून जायला नाही.

दुसरी: गाडी कुठं आणि किती वेळ उभी राहते

हेही फुकटच, आणि माझ्या मते कुठल्याही कुलपापेक्षा जास्त उपयोगाचं. रात्रभर सामान गाडीवर ठेवू नका. आंबोलीला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला पहाटे निघायचं म्हणून रात्रीच सायकली बांधून गल्लीत गाडी लावायची, ही सवय मोडा. कुलूप चोराला थांबवत नाही, त्याला वेळ घालवायला लावतं आणि आवाज करायला लावतं. रात्री दोन वाजता टिळकवाडीच्या आतल्या रस्त्यावर त्याच्याकडे वेळच वेळ असतो. पहाटे बांधायला वीस मिनिटं लागतात, ती द्या.

पुण्याला किंवा बेंगळूरला मुक्काम असेल तर खोली ठरवतानाच विचारा, सायकल खोलीत घेऊ देणार का. तिथं पोचल्यावर रात्री अकराला हा वाद घालायचा त्राण कुणाला नसतो, आणि मग सायकल गाडीवरच राहते.

महामार्गावर जेवायला थांबाल तेव्हा गाडी जिथून दिसेल तिथं बसा. कॅरिअर डिकीच्या मागं असेल तर गाडी उलटी घेऊन भिंतीला हातभर अंतरावर लावा. सायकल बाहेर काढायला जागाच राहत नाही. टपावरच्या सायकलला याचा उपयोग नाही, तिथं उजेड आणि वर्दळ बघा. गणपत गल्ली किंवा खडे बाजारात खरेदीला जायचं असेल तर मात्र सायकल लावलेली गाडी नेऊच नका. गर्दीत कोण कुणाचं सामान उतरवतोय याकडे कुणी बघत नाही.

रिकामं पट्ट्यांचं कॅरिअरही गाडीवर ठेवू नका. दोन मिनिटांत निघतं ते, म्हणून चोरालाही दोनच मिनिटं लागतात.

तिसरी: गाडीच्या आतलं सामान

युनियन जिमखान्यावर सामना खेळून किट मागच्या सीटवर टाकायचं आणि तसंच बाजारात जायचं, याची काच फुटते. बॅटची मूठ बॅगेतून बाहेर आली की आत काय आहे ते सांगावं लागत नाही. स्केट, फुटबॉलचे बूट, ट्रेकिंगचे दोर, सगळ्यांना हाच नियम: जे बाहेरून दिसतं त्याच्यासाठी काच फुटते. रिकामी बॅगसुद्धा सीटवर ठेवू नका, कारण ती रिकामी आहे हे काच फोडल्यावरच कळतं.

काळी फिल्म लावून लपवायचा विचार असेल तर नियम लक्षात घ्या. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. तेवढ्या उजेडात किट दिसतंच. हॅचबॅकमध्ये डिकीवरचा पार्सल ट्रे लावा, आणि सामान त्याखाली घरातून निघतानाच ठेवा. पार्किंगमध्ये येऊन सगळ्यांसमोर सीटवरचं डिकीत हलवलं तर बघणाऱ्याला तिथंच कळतं.

सेडान असेल तर आणखी एक बघा. बऱ्याच गाड्यांत डिकी उघडायची ओढकळ ड्रायव्हरच्या सीटजवळ खाली असते. कुणी बाजूची छोटी काच फोडून हात घातला की डिकी उघडी. काही गाड्यांत ती कळ किल्लीनं बंद करता येते, काहींत मागची सीट पाडायचे खटके कुलूपबंद होतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधा, बऱ्याच मालकांना ते माहीतच नसतं. आणि रिमोटचं बटण दाबल्यावर नुसत्या आवाजावर जाऊ नका, हँडल ओढून बघा. काच न फुटता सामान गेलं, अशा तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

बॅट आणि बूट एप्रिलच्या उन्हात डिकीत ठेवू नयेत ते वेगळंच. बॅटचं विलोचं लाकूड कोरडं पडून चिरतं, बुटाचा गोंद सुटतो. सामान घरात आणायला हेही एक कारण आहे.

चौथी: क्विक रिलीज

चाकाची क्विक रिलीजची कळ बदलून टाका. सायकलच्या दुकानात तिच्या जागी बसणारे, एलन कीनं घट्ट करायचे आस मिळतात, तेही चालतात. पण एलन की कुणाच्याही खिशात असते. विशिष्ट किल्लीनंच उघडणारे आस घेतलेत तर उत्तम. सीटच्या क्लॅम्पची कळही बदला. टपावरच्या काही कॅरिअरना पुढचं चाक काढून फोर्क अडकवावा लागतो. त्यात सुटं चाक गाडीच्या आत जाऊ द्या, टपावर नको.

पाचवी: कुलूप फिरतंय का

आपल्याकडच्या पावसात आणि तांबड्या मातीत कॅरिअरची छोटी कुलपं जाम होतात. मग माणूस कुलूप लावणंच सोडतो, आणि सायकल जाते ती अशी. किल्ली जोर लावून फिरवू नका, आत तुटली तर खर्च वाढतो. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून मळ बाहेर काढा, फडक्यानं टिपा, एक दिवस वाळू द्या. मग ग्रॅफाइटची पावडर किल्लीला लावून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. खोबरेल किंवा इंजिनचं तेल सोडू नका. पहिले चार दिवस कुलूप मऊ फिरतं, मग त्याच तेलात चोर्ल्याची धूळ बसून चिखल होतो. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा हे केलंत की पुरे.

कुलपाच्या तोंडावर आणि किल्लीवर एक नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावर दुसरी किल्ली मागवता येते. तुम्हाला येते तशीच दुसऱ्यालाही. नंबर घरी वहीत लिहून ठेवा, आणि कॅरिअर विकायचा म्हणून फोटो टाकताना तो नंबर दिसू देऊ नका.

सहावी: वायर, साखळी आणि ती कशाला बांधलीय

इथं थोडे पैसे लागतात, आणि नीट बघितलं नाही तर हेच पैसे जास्त वाया जातात. रंगीत प्लॅस्टिकच्या आवरणातली करंगळीएवढी वायर दिसायला जाड असते. आवरण कापून बघा, आतली तार पेन्सिलीपेक्षा बारीक निघते. हातातल्या कटरनं ती तुटते. अशी वायर चाक किंवा हेल्मेट अडकवायला ठेवा, सायकलसाठी नको.

साखळी पाणी दिलेली, म्हणजे हार्डन केलेली, पाहिजे. दुकानदार सांगतो त्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. एक जुनी तिकोनी कानस न्या आणि कडीवर, दिसणार नाही अशा जागी, एकदा घासा. कानस धरली आणि चकचकीत चर पडली तर लोखंड मऊ आहे. कानस घसरून नुसतीच किरकिरली तर पाणी दिलेलं आहे. कडी 10 मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, कारण बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो. यू-लॉक घेणार असाल तर आत मोकळी जागा राहणार नाही एवढंच घ्या. मोकळ्या जागेत पहार किंवा जॅक घालता येतो.

बॅटरीवरच्या ग्राइंडरसमोर कुठलीच साखळी फार वेळ टिकत नाही, हेही स्पष्ट सांगतो. म्हणून ही सहावी तपासणी आहे आणि गाडी कुठं लावता ही दुसरी.

आता साखळी बांधायची कशाला? कॅरिअरला नाही, गाडीला. बऱ्याच गाड्यांना मागच्या बंपरखाली पक्की टो-कडी (गाडी ओढून न्यायला दोर अडकवायची कडी) असते, ती सगळ्यांत चांगली. नव्या गाड्यांत ही कडी वेगळी येते, बंपरमधली छोटी झाकणी काढून आत फिरवून बसवायची. बऱ्याचदा तिचे आटे उलटे असतात, म्हणून जोर करू नका. ती फिरवून काढताही येते, त्यामुळे साखळी ताणूनच बांधा, म्हणजे कडी फिरणार नाही. टो-कडीच नसेल तर डिकीत अडकणारा फास करून घ्या: जाड वायररोपचं एक टोक फासाचं, दुसऱ्या टोकाला मोठा गोळा. गोळा डिकीत, फास बाहेर, डिकी लॉक. वायररोप रबरी बीडिंग दाबून फाडत नाही ना, ते बघा, नाहीतर पावसात डिकीत पाणी येतं.

मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांना स्टेपनीच्या लोखंडी ब्रॅकेटमधून साखळी घाला. नुसत्या चाकातून घातली तर चाकाचे नट सोडून सगळंच उतरवता येतं. चाकाला कुलपाचा एक नट बसवून घ्या.

गोव्याला टपावर पाण्यातल्या खेळाचा बोर्ड (सर्फिंगचा वगैरे) नेणाऱ्यांसाठी आत पोलादी तार असलेल्या कुलपाच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा. हवेचा बोर्ड असेल तर हवा काढून आत ठेवा.

सातवी: बोल्ट

पहिल्या तपासणीत जे बोल्ट साध्या पान्यानं सुटले ते आता बघायचे. रोज उघडावे न लागणारे बोल्टच घ्या: ट्रे-बारचा सांधा, खाचेतला बोल्ट. त्यांना शिअर नट लावता येतात, आवळताना ठरलेल्या जोरावर त्यांचं डोकं तुटून पडतं आणि पाना बसायला काही उरत नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे एलन बोल्टच्या खाचेत मापाचा बेअरिंगचा छर्रा इपॉक्सीनं चिकटवायचा. पुढे काढायचा झाला तर गरम करून इपॉक्सी मऊ करता येतो. प्लॅस्टिक आणि रंगाजवळ उष्णता देऊ नका.

उघड्या मुठींच्या जागी विशिष्ट किल्लीचे नट हवे असतील तर बेळगावात आपण नशीबवान आहोत. उद्यमबागेत लेथवर एक-दोन नगही करून देणारे मिळतात. जुना बोल्ट नमुना म्हणून न्या, म्हणजे आटे चुकत नाहीत. स्टेनलेस घ्या, पण अॅल्युमिनियमच्या बारमध्ये कोरडा बसवू नका. दोन धातू आणि पावसाचं पाणी मिळून तो बोल्ट तिथंच चिकटतो. आट्यांना थोडं ग्रीस लावा.

बार परत बसवले की पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा आवळून बघा. बोल्ट किती आवळायचा ते कॅरिअरच्या कागदावर लिहिलेलं असतं. जास्त आवळला तर टपाला पोचा पडतो, कमी आवळला तर चोराआधी वाराच घेऊन जाईल. टपाच्या वजनाची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते आणि तीत बार आणि ट्रेचं वजनही धरायचं असतं.

इथं थांबा, माणूस बोलवा

टपाला भोक पाडायची वेळ आली की हात काढा. टपाच्या कडेला, दारांच्या वर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाड्या आता खूप आहेत आणि त्याच्याच आसपास वायरिंग जातं. ड्रिल चुकला तर नुसती गळती होऊन भागत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला विचारा, आणि तुमच्या मॉडेलला टपात आधीपासून आटे आहेत का तेही विचारा. प्लॅस्टिकच्या पट्टीखाली ते असतात कधीकधी.

मागे टो बार वेल्ड करून घेऊ नका. गाडीच्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत, आणि बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

किल्ली कुलपात तुटली तर किल्लीवाल्याकडे जा. चोरानं बार ओढल्यामुळे टप वाकला असेल, दाराची फ्रेम उघडली असेल किंवा दार नीट बसत नसेल, तर आधी बॉडीवाला. वाकलेल्या जागी नवा बार बसवणारा कुणी भेटला तर त्याला बसवू देऊ नका.

सामान गेलंच असेल तर

सायकलमध्ये लपवलेला ट्रॅकर ती कुठं आहे ते दाखवत असला तरी तिथं एकटे जाऊ नका. ठिकाण पोलिसांना द्या, तातडीला 112.

सीमेवर राहणाऱ्यांची एक हमखास अडचण असते. चोरी कागल-कोल्हापूरच्या बाजूला झाली आणि लक्षात आली निपाणीत, मग तक्रार कुठं? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. सायकल कुठवर गाडीवर होती हे ठरवायला फास्टॅगचे मेसेज उपयोगी पडतात. कोगनोळी नाक्यावरची वेळ त्यात मिनिटासकट असते आणि नाक्यावर कॅमेरेही असतात. रेकॉर्डिंग कायम राहत नाही, म्हणून पोलिसांना ते लवकर मागवायला सांगा.

कर्नाटकात एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून दाखवायला सांगा, त्याची प्रत मोफत मिळते. त्यातला फ्रेम नंबर स्वतः आकडा-आकडा तपासा. हा नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या बुडाशी कोरलेला असतो. आजच सायकल उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवा. विम्याचं म्हणाल तर गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडीवर लादलेली सायकल किंवा डिकीतलं किट धरत नाहीत, आणि कॅरिअरचा प्रश्नही तो पॉलिसीत नोंदवलेला असेल तरच येतो. महागडी सायकल असेल तर तिचा वेगळा विमा घ्या.

पोलिसांनी बघेपर्यंत गाडीवर उरलेलं काही काढू नका, धुऊ नका. नंतर कॅरिअर बसवणाऱ्याकडे जाताना तुटलेली वायर, पट्टी, टोप्या, सगळं पिशवीत घालून न्या. तारेचं टोक चिमटल्यासारखं चपटं असेल तर हातातल्या कटरनं तोडलंय, तिथं जाड साखळीनं काम भागेल. टोक सपाट, चकचकीत आणि कडेला निळसर असेल तर ग्राइंडर वापरलाय, तेव्हा गाडी लावायची जागाच बदला.